फसव्या प्रवेशाची भरपाई : अभ्यासक्रम आणि शिष्यवृत्तीची खोटी माहिती देणाऱ्यांविरुद्ध विद्यार्थ्यांचे हक्क

बारावीचा निकाल लागला की मुरगूड, कागल, गारगोटी, गडहिंग्लज आणि पलीकडे निपाणीपर्यंतच्या पट्ट्यात प्रवेशाच्या जाहिराती सुरू होतात. नर्सिंग, फार्मसी, पॅरामेडिकल, हॉटेल मॅनेजमेंट, पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा. फलकावर, पत्रकावर आणि व्हॉट्सॲपवर मजकूर साधारण एकच असतो : 'एस.सी. विद्यार्थ्यांना झिरो फी', 'शंभर टक्के शिष्यवृत्ती', 'सरकारमान्य अभ्यासक्रम', 'नोकरीची हमी'. यातले बरेच खरे असते, काही अर्धे खरे असते आणि काही साफ खोटे असते. खोटेपणा कळतो तेव्हा वर्ष निघून गेलेले असते. शुल्क भरलेले असते आणि मूळ कागदपत्रे संस्थेच्या कपाटात अडकलेली असतात.

मग घरात आणि गावात एकच निष्कर्ष निघतो : आपणच नीट चौकशी केली नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. ज्याने खोटी माहिती देऊन पैसे घेतले, दोष त्याचा. वाया गेलेल्या पैशाची आणि वाया गेलेल्या वर्षाची भरपाई मागणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे. मात्र हा हक्क कोणत्या दारात मागायचा हे प्रकरणागणिक बदलते, आणि चुकीच्या दारात उभे राहिले की आणखी दोन वर्षे जातात. म्हणून ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

पाटण्याचा खटला : अकरा विद्यार्थी, सोळा वर्षे

या विषयातला सर्वांत महत्त्वाचा निकाल आपल्या समाजाने मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे, कारण त्यातल्या संस्थेच्या नावातच 'बुद्धिस्ट' आहे. १९९३ मध्ये पाटण्याच्या बुद्धिस्ट मिशन डेंटल कॉलेजने बी.डी.एस. या दंतवैद्यकीय पदवीसाठी वृत्तपत्रात जाहिरात दिली. महाविद्यालय मगध विद्यापीठाशी संलग्न आणि भारतीय दंत परिषदेची मान्यता असलेले आहे, असा समज विद्यार्थ्यांना करून देण्यात आला. प्रत्यक्षात संलग्नताही नव्हती आणि मान्यताही नव्हती. विद्यार्थ्यांची दोन शैक्षणिक वर्षे वाया गेली.

अकरा विद्यार्थी एकत्र आले आणि त्यांनी राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने शुल्क व्याजासह परत करण्याचा आणि इतर खर्चाची भरपाई देण्याचा आदेश दिला. संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संस्थेचे वर्तन म्हणजे वस्तुस्थितीचा विपर्यास आणि अनुचित व्यापारी प्रथा असल्याचे ठरवले, आयोगाचा आदेश कायम ठेवला आणि विद्यार्थ्यांना वाढीव भरपाईही दिली.

या निकालातून तीन गोष्टी घ्याव्यात. पहिली, मान्यतेबद्दल खोटे बोलून प्रवेश देणे ही भरपाईस पात्र फसवणूक आहे. दुसरी, विद्यार्थी एकटे लढले नाहीत, अकरा जण मिळून लढले. तिसरी गोष्ट कडू आहे : जाहिरात १९९३ ची आणि अंतिम निकाल २००९ चा. सोळा वर्षांनी मिळालेल्या पैशाने विद्यार्थ्याचे तारुण्य परत येत नाही. म्हणून प्रवेशाआधीची तपासणी आणि फसवणूक कळताच केलेली तक्रार, या दोन्हींना पर्याय नाही. संस्थेच्या नावात बुद्ध, फुले, शाहू किंवा आंबेडकर असले म्हणून तपासणी सोडू नये. कालाम सुत्तात तथागतांनी ऐकीव गोष्ट किंवा सांगणाऱ्याचा मोठेपणा पाहून विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा, असेच सांगितले आहे. प्रवेशाच्या बाबतीतही ते लागू पडते.

'दिशाभूल' कायद्यात कशाला म्हणतात

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याच्या कलम २(२८) नुसार सेवेचे खोटे वर्णन करणारी, खोटी हमी देणारी किंवा महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. शेवटचा भाग नीट वाचावा. खोटे बोलणे हा जसा दोष, तसेच महत्त्वाचे लपवणे हाही दोष. 'शिष्यवृत्ती मिळेल' असे सांगून 'ती या कोट्यातल्या प्रवेशाला लागू नाही' हे न सांगणे या व्याख्येत बसू शकते.

कलम २(४७) मधील अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत तोंडी, लेखी आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातले खोटे विधानही येते. म्हणजे समुपदेशकाने फोनवर दिलेले आश्वासन आणि व्हॉट्सॲपवरचा संदेश दोन्ही कायद्याच्या कक्षेत येतात. अडचण असते ती सिद्ध करण्याची.

शिष्यवृत्तीबद्दल नेमके कुठे फसवले जाते

भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मिळते. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २ लाख ५० हजार रुपये आहे. त्यापेक्षा जास्त उत्पन्न असलेल्यांसाठी राज्याची शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क प्रतिपूर्ती योजना, म्हणजे ज्याला आपण फ्रीशिप म्हणतो, ती आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतात. या साध्या चौकटीत पुढील ठिकाणी दिशाभूल होते.

*प्रवेशाचा मार्ग.* व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिष्यवृत्ती आणि फ्रीशिपसाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून, झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश देणारा दलाल 'शिष्यवृत्ती नंतर बसवू' म्हणतो. ती बसत नाही आणि पूर्ण शुल्क पालकांच्या डोक्यावर येते.

*राज्याची सीमा.* आपल्या भागातून निपाणी, बेळगावकडे शिकायला जाणारी मुले बरीच. 'कर्नाटक सरकारची शिष्यवृत्ती मिळेल' असे त्यांना सांगितले जाते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थी ज्या राज्याचा कायम रहिवासी आहे ते राज्य देते. मुरगूडच्या मुलाची मागणी महाराष्ट्राच्या समाजकल्याण विभागाकडेच करावी लागते. त्यामुळे सीमेपलीकडे प्रवेश घेण्यापूर्वी तो अभ्यासक्रम आणि ती संस्था या योजनेत बसते का, हे कोल्हापूरच्या सहाय्यक आयुक्त, समाजकल्याण कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे.

*'झिरो फी'चा अर्थ.* शिष्यवृत्तीत संस्थेचे मंजूर, सक्तीचे आणि परत न मिळणारे शुल्क येते. व्यावसायिक पदवीच्या वसतिगृहवासी विद्यार्थ्याला केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वर्षाला १३,५०० रुपये शैक्षणिक भत्ता आहे. खाजगी वसतिगृह, मेस, गणवेश, बस आणि 'विकास निधी' यांचा खर्च यापेक्षा कितीतरी जास्त होतो. हा प्रश्न मोठ्या संस्थांतही पेटला आहे. वसतिगृह आणि भोजनगृहाची सवलत बंद झाल्याच्या विरोधात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांनी २१ फेब्रुवारी २०१८ पासून मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी येथे बहिष्कार आंदोलन केले होते. शिकवणी शुल्क माफ असूनही राहण्याजेवणाच्या बिलामुळे शिक्षण सुटू शकते, हे त्या आंदोलनाने सगळ्यांसमोर आणले.

*शिष्यवृत्ती की सूट.* खाजगी क्लासची 'स्कॉलरशिप टेस्ट' आणि 'नव्वद टक्के स्कॉलरशिप' यांचा सरकारी शिष्यवृत्तीशी काही संबंध नसतो. फुगवून छापलेल्या शुल्कावरची ती सूट असते.

*अर्ज की कर्ज.* काही ठिकाणी 'शिष्यवृत्तीचा फॉर्म' म्हणून पालकांची सही, आधार आणि ओटीपी घेतला जातो. नंतर कळते की ते वित्त कंपनीचे कर्ज होते. क्लास बंद पडला तरी हप्ता चालू राहतो. कागदावर 'कर्ज', 'ईएमआय', 'मासिक हप्ता' यापैकी एक शब्द दिसला तरी ओटीपी देऊ नये. असे कर्ज झालेच असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तिने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेकडे तक्रार करता येते. तिचा माहिती क्रमांक १४४४८ आहे.

शिष्यवृत्तीच्या नावावर संस्थांनीच सरकारचे पैसे लाटल्याच्या तक्रारीही महाराष्ट्राला नव्या नाहीत. २०१६ मध्ये राज्य सरकारने वरिष्ठ पोलीस अधिकारी डॉ. के. व्यंकटेशम यांच्या अध्यक्षतेखाली या गैरव्यवहाराच्या चौकशीसाठी कृती दल नेमले होते. आपल्या नावावर कुणी अर्ज भरला आहे का, हे विद्यार्थ्याने महाडीबीटीवर स्वतः पाहिले पाहिजे. लॉगिन आणि पासवर्ड महाविद्यालयाच्या कारकुनाकडे किंवा दलालाकडे ठेवू नये.

कोणते दार कोणासाठी

*१. क्लास, अकॅडमी, भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्र.* येथे ग्राहक आयोगाचा मार्ग सर्वांत सरळ आहे. कोल्हापुरात जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात होते आणि ५ लाखांपर्यंत कोणतेही शुल्क लागत नाही. कलम ३४ मुळे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. क्लास पुण्याचा किंवा दिल्लीचा असला तरी मुरगूडच्या विद्यार्थ्याने कोल्हापुरात तक्रार करावी. मुदत वादाचे कारण घडल्यापासून २ वर्षे. उशिराचे समाधानकारक कारण दिले तर आयोग तो माफ करू शकतो. तक्रार ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल होते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी, काही प्रकरणे तिथेच मिटतात.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. निवडीची, गुणांची किंवा नोकरीची खोटी हमी देता येत नाही. यशस्वी उमेदवाराचा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरता येत नाही, आणि त्याने नेमका कोणता कोर्स केला हे सांगावे लागते. तोपर्यंत प्राधिकरणाने १८ कोचिंग संस्थांना मिळून ५४ लाख ६० हजार रुपयांचा दंड केला होता. हा दंड सरकारजमा होतो. विद्यार्थ्याला स्वतःची भरपाई हवी असेल तर आयोगातच जावे लागते.

*२. महाविद्यालय आणि विद्यापीठ.* येथे कायदा गुंतागुंतीचा आहे. पाटण्याच्या निकालात ग्राहक कायदा लागू झाला. पण शिक्षण ही विकाऊ वस्तू नाही, असे सांगणारे सर्वोच्च न्यायालयाचे इतर निकाल आहेत. २० जानेवारी २०२० रोजी राष्ट्रीय आयोगाच्या तीन सदस्यांच्या पीठाने शैक्षणिक संस्था ग्राहक कायद्याबाहेर, मात्र कोचिंग संस्था त्यात, असा निर्णय दिला. त्याविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयाने दाखल करून घेतले आहे. म्हणून महाविद्यालयाविरुद्ध थेट ग्राहक आयोगात जाण्यापूर्वी या मुद्द्याची ताजी स्थिती वकिलाकडून समजून घ्यावी.

तोवर यूजीसीचे विद्यार्थी तक्रार निवारण विनियम, २०२३ हाताशी आहेत. प्रवेश सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी संस्थेने माहितीपुस्तक प्रसिद्ध करायचे असते. माहितीपुस्तकातली खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती, कागदपत्रे अडवणे आणि शिष्यवृत्ती देण्यातला विलंब, या तिन्ही बाबी विनियमांत स्पष्टपणे 'तक्रार' म्हणून नोंदल्या आहेत. तक्रार आधी संस्थेच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे करायची. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. निर्णय मान्य नसेल तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करायचे. मुरगूड परिसरातल्या संलग्न महाविद्यालयांसाठी हे विद्यापीठ म्हणजे शिवाजी विद्यापीठ. तंत्रशिक्षण संस्थांसाठी एआयसीटीईची अशीच व्यवस्था आहे.

प्रवेश रद्द करताना शुल्क परतीचे प्रमाणही ठरलेले आहे. यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी प्रवेश सोडला तर १०० टक्के, त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, पुढच्या १५ दिवसांत ८० टक्के आणि त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५० टक्के शुल्क परत मिळते. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्यास मनाई आहे. व्यावसायिक खाजगी महाविद्यालय मंजुरीपेक्षा जास्त शुल्क घेत असेल तर शुल्क नियामक प्राधिकरणाकडे जाता येते. देणगीची सक्ती असेल तर महाराष्ट्राचा १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा आहे.

*३. सरकारकडून रखडलेली शिष्यवृत्ती.* इथे फसवणारी खाजगी संस्था नसते, त्यामुळे ग्राहक आयोगाचा उपयोग नाही. समाजकल्याण कार्यालयाकडे लेखी अर्ज आणि माहितीचा अधिकार वापरून आपला अर्ज कोणत्या टेबलावर अडकला हे काढावे. माहिती ३० दिवसांत मिळायला हवी. तरीही मार्ग निघाला नाही तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे. आता त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

*४. बनावट संस्था, बनावट प्रमाणपत्र.* संस्थाच खोटी असेल तर पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार करावी. फौजदारी गुन्हा आणि भरपाईची मागणी दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

भरपाईत काय काय मागावे

आपले विद्यार्थी फक्त 'फी परत द्या' एवढेच लिहितात. मागणीत पुढील बाबी वेगवेगळ्या आकड्यांसह लिहाव्यात : भरलेले शुल्क, त्यावरचे व्याज, वसतिगृह व मेस, पुस्तके व गणवेश, प्रवास, कर्जाचे व्याज, वाया गेलेल्या शैक्षणिक वर्षाची भरपाई, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च. प्रत्येक आकड्यामागे पावती किंवा हिशेब हवा. अवास्तव रक्कम लिहिल्याने प्रकरण कमकुवत होते.

पुराव्यासाठी जाहिरातीचे पत्रक, माहितीपुस्तक, फलकाचा तारखेसह फोटो, संकेतस्थळाचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲप संदेश, बँकेचा व्यवहार आणि पावत्या जपाव्यात. स्क्रीनशॉट पुरेसा मानू नये. मूळ फोन आणि मूळ संदेश ठेवावेत, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. रोख दिलेल्या पैशाची पावती नसेल तर लगेच संस्थेला पत्र किंवा ई-मेल पाठवून रक्कम आणि तारीख नमूद करून पावती मागावी. उत्तर आले नाही तरी ते पत्र पुरावा ठरू शकते.

वकिलाच्या खर्चाची भीती बाळगू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्मीय अनुसूचित जातींना घटनात्मक मान्यता मिळाली आहे, त्यामुळे अनुसूचित जातीचा दाखला असलेल्या बौद्ध विद्यार्थ्यालाही हा हक्क आहे. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा कोल्हापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा.

कार्यकर्त्यांचे काम

ग्राहक कायद्याच्या कलम ३५ नुसार समान हित असलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात. नोंदणीकृत ग्राहक संघटनाही करू शकते. एकाच क्लासने फसवलेली वीस मुले वीस गावांत विखुरलेली असतात, त्यांना एकमेकांचा पत्ता नसतो. ती जोडण्याचे काम विहारातल्या तरुणांनी करावे. अमेरिकेत कोरिंथियन कॉलेजेस या खाजगी साखळीने नोकरीबद्दल खोटे आकडे सांगून विद्यार्थ्यांना कर्जात ढकलले. तिथे विद्यार्थ्यांनी संघटित होऊन वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. जून २०२२ मध्ये तिथल्या शिक्षण खात्याने ५ लाख ६० हजार कर्जदारांचे ५८० कोटी डॉलरचे कर्ज माफ केले.

दरवर्षी मे ते ऑगस्ट या काळात प्रत्येक विहारात एक प्रवेश नोंदवही ठेवता येईल. कोणत्या मुलाने कुठे प्रवेश घेतला, कोणत्या मार्गाने, किती पैसे दिले, शिष्यवृत्तीबद्दल कोणी काय सांगितले, एवढे चार रकाने पुरेत. पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात : संस्था आणि अभ्यासक्रमाची मान्यता यूजीसी, एआयसीटीई, फार्मसी कौन्सिल किंवा नर्सिंग कौन्सिलच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, मंजूर शुल्क शुल्क नियामक प्राधिकरणाच्या यादीत, आणि शिष्यवृत्तीची पात्रता महाडीबीटीवर. त्यानंतर संस्थेकडून एक ओळ लेखी मागावी : 'या प्रवेशाला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू आहे.' जी संस्था ही ओळ लिहून देत नाही, तिथे पैसे भरू नयेत.

बाबासाहेबांची बडोद्याची शिष्यवृत्तीही कागदावर होती. ४ जून १९१३ रोजी झालेल्या करारात महिना साडेअकरा पौंड, ३ वर्षांची मुदत आणि परतल्यावर १० वर्षांची नोकरी, असे सगळे लिहिलेले होते. मुदत संपल्यावर पैसे थांबले आणि १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. ते पुन्हा गेले आणि शिक्षण पुरे केले. पण मिळणारा पैसा किती, कधीपर्यंत आणि कोणत्या अटीवर, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. आजच्या विद्यार्थ्यालाही प्रवेशाच्या दिवशी एवढे तरी कळलेच पाहिजे. ते लपवणाऱ्याला भरपाई द्यावी लागली पाहिजे.